बेताची जवळीक

टेस्ला कॉइल बघणाऱ्यांची नजर वरच्या ठिणग्यांवर असते, माझी तळाशी. तिथे तांब्याच्या जाड नळीचे दहा-बारा वेढे असतात, ती प्रायमरी. तिच्या मधोमध उभ्या पीव्हीसी पाइपवर बारीक तारेचे हजारभर वेढे, ती सेकंडरी.

साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी गाभ्यामुळे प्रायमरीचं जवळजवळ सगळं चुंबकीय क्षेत्र सेकंडरीतून जातं. या जोडणीचं प्रमाण म्हणजे कपलिंग, ते इथे 1 च्या आसपास असतं. टेस्ला कॉइलमध्ये मधे फक्त हवा. स्पार्क गॅपच्या कॉइलमध्ये कपलिंग साधारण 0.1 ते 0.2 ठेवतात, आणि तेही मुद्दाम. दोन्हींची वारंवारता जुळलेली असते, त्यामुळे झोपाळ्याला लयीत झोके द्यावेत तशी ऊर्जा टप्प्याटप्प्याने चढते. कपलिंग 0.1 असेल तर ती पूर्ण पोचायला सुमारे पाच आवर्तनं लागतात.

कपलिंग वाढवलं की सेकंडरीच्या अंगावरूनच ठिणग्या धावतात, तारेचं इन्सुलेशन जळतं. फार कमी केलं तर ऊर्जा पोचायला वेळ लागतो आणि बरीचशी स्पार्क गॅपमध्येच खर्च होते. म्हणून मी प्रायमरी सपाट चकलीसारखी गुंडाळतो. उभ्या दंडगोल प्रायमरीपेक्षा तिचं कपलिंग कमी असतं.

1899 मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला टेस्लाने प्रायमरी-सेकंडरी घट्ट जोडून तिसरी कॉइल वेगळी उभी केली होती. कपलिंग जुळवायचं माझं काम सेकंडरीखालच्या लाकडी पट्ट्यांवर भागतं: सुरुवातीला कपलिंग कमी राहावं म्हणून सेकंडरी उंच ठेवायची, मग एकेक पट्टी काढत खाली आणायची. प्रत्येक वेळी आधी मेन स्विच बंद आणि कपॅसिटर डिस्चार्ज!