आंतड्याची जुनी खोड

जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं, ही म्हण केवळ माणसांच्या स्वभावापुरतीच खरी नाहीं. शरीरांतील अवयवांनाही ती लागू पडते.

१८८८ सालीं तित्सोनी व फोज्जी या दोन इटालियन संशोधकांनीं एका कुत्रीचा मूत्राशय काढून त्या जागीं तिच्याच लहान आंतड्याचा तुकडा बसविला. मूत्राशयाच्या कर्करोगानें पछाडलेल्या जीवांना त्यांतून आशेची वाट दिसूं लागली. मात्र या वाटेवर एक अडचण दबा धरून बसली होती.

श्रोत्यांनीं स्वयंपाकघरांतील लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवावी. मूत्राशयाचें अस्तर तसें असतें. आंत सांठलेलें तें सहसा मुरूं देत नाहीं. आंतड्याचा जन्मच मुळीं शोषणासाठीं. त्याची पिशवी शिवली तरी तें आपला धर्म सोडीत नाहीं. मूत्रांतील अमोनियम व क्लोराइड तें रक्तांत परत ओढून घेतें आणि बायकार्बोनेट बाहेर सोडतें. मूत्रपिंडांनीं पुढील दारानें घालविलेलें आम्ल अशा रीतीनें मागील दारानें घरांत येतें.

निरोगी मूत्रपिंडें हा जादा भार बहुधा सोसतात. पण तीं दुबळीं असलीं किंवा मूत्र पिशवींत फार वेळ तुंबून राहिलें, कीं रक्तांतील आम्लता वाढते. कुत्रा मलूल होतो, अन्न टाकतो, वाळत जातो. ही स्थिति दीर्घकाळ टिकली तर आम्ल शमविण्यासाठीं शरीर हाडांतील क्षार खर्चीं घालतें आणि हाडें ठिसूळ होतात. मूत्रवाहिन्या थेट मोठ्या आंतड्यास जोडल्यास धोका अधिकच. अशा कुत्र्यांच्या रक्तांत अमोनियाही वाढतो आणि मूत्रपिंडांस जंतुसंसर्ग होतो.

तुकडा जठराचा असेल तर प्रकार नेमका उलटा. जठर आम्ल बाहेर टाकीत राहतें आणि रक्त अल्कधर्मी होऊं लागतें. जागा बदलली, काम बदललें, खोड तीच!

यावर उपाय आहेत. तुकडा जरुरीपुरताच घ्यावा, पिशवी वेळच्या वेळीं रिकामी होऊं द्यावी, रक्त वरचेवर तपासावें. आम्लता वाढल्यास पशुवैद्य सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, मोजून देतात.

माणसाला थकवा आला तर तो बोलून दाखवितो. मुक्या जनावराला तें साधत नाहीं. म्हणून टांके भरले म्हणजे शस्त्रक्रिया संपली, असें मालकानें मानूं नये. खरी राखण तेथूनच सुरू होते.