घरचं शिक्षण, क्लासिकल पद्धतीचं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो, असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘का हो, शाळेत काही झालं का?’’ त्यावर ‘क्लासिकल पद्धतीनं शिकवतो’ अशी पुस्ती जोडली, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लॅटिनची रूपं घोकणारं एखादं केविलवाणं पोर उभं राहतं. अमेरिकेत ही पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगली रुजली. तिथल्या नातेवाइकांकडून, पुस्तकांतून ती आपल्या कानावरही आली आणि तिच्याबरोबर बरेच गैरसमजही आले. या पद्धतीचा एक अस्सल नमुना दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबात घडून गेला आहे. म्हणून तर हे गैरसमज मला जास्त खटकतात.

गैरसमज : क्लासिकल म्हणजे लॅटिन आणि ग्रीक.

मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचा पाया तीन विद्यांचा असे : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. या त्रयीला ट्रिव्हियम म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या विद्या त्यानंतर येत. १९४७ मध्ये डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनं ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं. रहस्यकथांमुळे गाजलेल्या आणि पुढे दान्तेचा अनुवाद करणाऱ्या या बाईंचं म्हणणं असं, की आपण मुलांना विषय शिकवतो, पण शिकायचं कसं हे शिकवायचं राहूनच जातं. त्यांनी ट्रिव्हियमची सांगड मुलाच्या वाढीशी घातली. लहानपणी मूल हौसेनं पाठ करतं, तेव्हा त्याला शब्द, गोष्टी, पाढे, नकाशे यांचा भरपूर साठा द्यावा. मग ते प्रत्येक गोष्टीत मोठ्यांना अडवू लागतं, त्या वयात त्याला नीट वाद घालायला शिकवावं. आणि स्वतःचं काही सांगावंसं वाटू लागलं, की लेखन आणि भाषण हाती घ्यावं. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि त्यांची कन्या सुसान वाइज बाउर यांचं ‘द वेल-ट्रेंड माइंड’ हे पुस्तक आलं. घरच्या घरी हा आराखडा कसा चालवायचा, ते त्यात इयत्तावार सांगितलं आहे. सुसान स्वतः घरीच शिकल्या होत्या.

सेयर्सबाई लॅटिनच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या, हे खरं. पण त्यांना हवी होती ती वाक्यातले संबंध उघड करून दाखवणारी भाषा. आपल्याकडे हे काम संस्कृत उत्तम करतं. मराठीचं व्याकरण मन लावून शिकवलं तर तेही करतं.

गैरसमज : घरी शिकवायचं म्हणजे घरात शाळा भरवायची, संसार सांभाळून हे जमणार कसं?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अनेक पालक इथेच माघार घेतात. आठ ते दोन वेळापत्रक, तासाला एक विषय, भिंतीवर फळा, हे सगळं चाळीस-पन्नास मुलांसाठी लागतं. समोर एक-दोनच मुलं असली की शिकवण्याचा वेळ आपोआप कमी होतो. इंग्लंडमधल्या अँबलसाइडला शिक्षिका घडवणाऱ्या शार्लट मेसन (१८४२-१९२३) लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांच्या धड्यांचा आग्रह धरत. मूल कंटाळायच्या आत धडा संपला पाहिजे, ही त्यांची अट होती. त्यांची दुसरी रीत म्हणजे पुनर्कथन. ती भाजी निवडता निवडताही करता येते.

समजा, मुलगा सात वर्षांचा आहे. आग्र्याहून सुटकेचं एक पान त्याला वाचून दाखवायचं, एकदाच. मग म्हणायचं, ‘‘आता तू सांग.’’ आपण मेथी निवडत बसायचं. मध्ये बोलायचं नाही, चूक काढायची नाही. पहिल्या दिवशी तो एवढंच सांगेल, ‘‘महाराज पेटाऱ्यात बसले आणि पळाले.’’ चालेल. काही आठवड्यांनी त्याच्या गोष्टीत पलंगावर झोपलेला हिरोजी फर्जंद येईल, पांघरुणाबाहेर दिसणारा हात येईल, पहारेकरी का फसले याचं कारण येईल. एकदाच वाचणार हे माहीत असल्यामुळे तो कान देऊन ऐकतो. ऐकलेल्यातलं काय आधी सांगायचं आणि काय सोडायचं, हे तो स्वतः ठरवतो. निबंधलेखनाची सुरुवात इथेच होते, वही न उघडता.

दोन-तीन भावंडं असली तर काय, याचंही उत्तर या पद्धतीत आहे. बाउर यांच्या आराखड्यात इतिहासाचे चार भाग आहेत : प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक आणि आधुनिक. दर वर्षी एक भाग, आणि बारा वर्षांत सगळ्याच्या तीन फेऱ्या. त्यामुळे घरातली सगळी मुलं एका वेळी एकाच काळात वावरतात. धाकटी सम्राट अशोकाची गोष्ट ऐकते आणि चित्र काढते, थोरला त्याच अशोकाचे शिलालेख वाचून ‘हे त्यानं दगडावर का कोरून घेतलं असेल?’ यावर वाद घालतो. आईला तीन पाठांची तयारी करावी लागत नाही.

आता तो मराठी नमुना. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवलं आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. याच लक्ष्मीबाईंनी आपली धाकटी मुलगी रमा, म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई, हिला शिकवलं. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या रमाबाईंच्या पुस्तकाला रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. आनंदीबाई जोशी जिथे डॉक्टर झाल्या, त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाच्या या प्रमुख. दिवसभर घरकामातून सवड नसे, म्हणून आई पहाटे मुलीला गोंजारून उठवी आणि पाठ देई, असं वर्णन त्यांनी केलं आहे. समोर पुस्तक नसे; आईनं म्हणायचं आणि मुलीनं मागून म्हणायचं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरणारं. शाळेची खोली सोडाच, कायमचं घरही नव्हतं.

गैरसमज : ही तर नुसती घोकंपट्टी.

पाठांतर या पद्धतीत आहे, आणि भरपूर आहे. पाढे, पावकी-निमकी, श्लोक म्हणत वाढलेल्या पिढीला त्याचं मोल सांगायला नको. पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी शोधावी लागत नाही, म्हणून डोकं विचाराला मोकळं राहतं. मात्र पहिल्या पायरीवरच थांबलं, तर तक्रार रास्त ठरते. क्लासिकल म्हणवणाऱ्या काही घरांत नेमकं तेच होतं : सनावळ्या तोंडपाठ, पण मुलानं ‘कशावरून?’ विचारलं की त्याला गप्प केलं जातं. ते क्लासिकल शिक्षण नव्हे.

रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहा. आईनं साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकवलं. त्या काळात आईनं आपल्या मनाला असं वळण लावलं, की पुढे फारशी कुणाची मदत न घेता स्वतः शिकता आलं, असं रमाबाईंनीच नोंदवून ठेवलं आहे. सेयर्स ज्यासाठी तळमळून बोलल्या ते हेच, आणि त्यांच्या कितीतरी आधी एका यात्रेकरू आईनं करून दाखवलेलं. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये रमाबाई भावासोबत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच धर्मशास्त्रं स्वतः वाचताना त्यांच्या ध्यानात आलं, की हे ग्रंथ एकमेकांशी जवळजवळ प्रत्येक बाबतीत भांडतात, पण स्त्रियांना आणि शूद्रांना कमी लेखण्यात सगळ्यांचं एकमत आहे. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या बाईनंच ही विसंगती पकडली. १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. त्या पाठांतरानं त्यांची बुद्धी बांधली गेली नाही, धारदार झाली.

गैरसमज : आई विदुषी हवी.

लक्ष्मीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. त्या शिकल्या सासरी येऊन. पालकाला सगळं आधीच यायला हवं असं नाही. मुलापेक्षा दोन पावलं पुढे राहायची आणि ‘मला माहीत नाही, चल शोधू’ म्हणायची तयारी मात्र हवी. यातली खरी अडचण विद्वत्तेची नसून वेळेची आहे, आणि ती लपवू नये. धडे छोटे असले तरी रोजचे असतात. कुणीतरी मोठं माणूस रोज घरी, शांत चित्तानं हजर लागतं आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई असं गृहीत धरलं जातं. वडिलांनी रात्रीचं वाचन, आजोबांनी गणित, आजीनं पाठांतर असं काम वाटून घेतलं नाही, तर ही पद्धत बाईच्या जिवावर चालते. अशा घरात ती सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : हे अमेरिकेतल्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांचं खूळ.

तिथल्या क्लासिकल चळवळीत ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा मोठा आहे. तरीही घरी शिकवणाऱ्या सगळ्यांना ते लागू नाही. अमेरिकन सरकारच्या २०१६ च्या पाहणीत सुमारे १७ लाख मुलं घरी शिकत होती, आणि पालकांनी सांगितलेलं सर्वांत महत्त्वाचं कारण शाळेतल्या वातावरणाची काळजी हे होतं. धर्मशिक्षण त्याच्या बरंच खाली. २०२० मध्ये करोनाकाळात शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी घरी शिकवणाऱ्यांचं प्रमाण वसंतातल्या ५.४ टक्क्यांवरून शरद ऋतूत ११.१ टक्क्यांवर गेलं, असं तिथल्या जनगणना खात्यानं नोंदवलं. ही वाढ श्रद्धेमुळे झालेली नव्हती.

गैरसमज : मूल एकलकोंडं होतं.

होऊ शकतं, लक्ष दिलं नाही तर. म्हणूनच तिकडे कुटुंबं आठवड्यातून एकदा गट करून भेटतात, वादसभा आणि विज्ञानाचे प्रयोग एकत्र करतात. तिथल्या मराठी मंडळांच्या शाळांत घरी शिकणारं मूलही बसू शकतं. आपल्याकडे मैदान, वाचनालय, नाट्यशिबिर, गावाकडची भावंडं आहेत. फक्त शाळेत सोबत आपोआप मिळते, इथे ती जुळवून आणावी लागते.

गैरसमज : हे बेकायदा आहे, आणि पुढचे रस्ते बंद होतात.

देशागणिक उत्तर वेगळं आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. अमेरिकेत सर्व ५० राज्यांत घरी शिकवता येतं, पण न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर टेक्सासमध्ये बंधनं अगदी थोडी. भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही. घरच्या शिक्षणाला या कायद्यात स्वतंत्र मान्यता नाही, हे डोळ्यांआड करू नये. परीक्षेची वाट आहे : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना दहावीला बसू देते, आणि राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. अटी बदलत राहतात, त्या-त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच पाऊल उचलावं.

मुलाचं नाव शाळेतून काढण्याची घाई कुणी करू नये. आधी सहा महिने, शाळा चालू ठेवून, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं द्या : एक पान मोठ्यानं वाचा, मुलाला ते सांगू द्या, चार ओळी पाठ करा. हे सहा महिने सलग जमलं तर पुढचा विचार करा. पुढचा विचार केला नाही तरी ही वीस मिनिटं बंद करू नका.