वेचणीचा हात आणि अंगठ्याकडील मनगटाचें दुखणें

कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांत गांवोगांवीं एक तक्रार ऐकूं येते : "अंगठ्याच्या मुळाशीं ठणका लागतो, पाण्याचा तांब्याही उचलवत नाहीं." कोणी यास वात म्हणतो, कोणी हाड सरकलें असें समजून हात ओढून घेतो. वस्तुतः बहुधा हाडांत कांहींच दोष नसतो, व दुखणें आरंभींच ओळखल्यास तें बहुतेकांस शस्त्रक्रियेवांचून बरें होतें. म्हणून त्याचें कारण व उपाय येथें देतों.

स्नायूस हाडाशीं जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा; ती रक्ताची शीर नव्हे. अंगठा बाहेर व वर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेनें एका अरुंद म्यानांतून जातात. तीच हालचाल वारंवार झाली म्हणजे म्यान जाड होतें, आंतील वाट आंवळते, आणि घट्ट कडींतून दोर ओढावा तसें प्रत्येक वेळीं घर्षण होतें. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनीं 1895 सालीं या विकाराचें वर्णन केलें. आज तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आतां हिशेब पहा. एका बोंडांत 4 ग्रॅम कापूस धरला, तर 40 किलो वेचणाऱ्या बाईस एका दिवसांत 10,000 वेळां चिमूट धरावी लागते. त्यावर घरीं धुणें पिळणें व तान्हें मूल उचलणें आहेच. हा विकार स्त्रियांत, विशेषतः बाळंतिणींत, अधिक आढळतो.

परीक्षा सोपी आहे. अंगठा मुठींत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवावें. अंगठ्याच्या मुळाशीं, दुसऱ्या हातापेक्षां पुष्कळ अधिक, तीव्र कळ आल्यास या विकाराचा संशय घ्यावा. निश्चय मात्र डॉक्टरांकडून करावा. पडल्यानंतरचें दुखणें, ताप, लाली किंवा बोटांस बधिरपणा असल्यास मुळींच विलंब करूं नये.

पहिला उपाय विश्रांतीचा. अंगठा व मनगट स्थिर ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, कांहीं आठवडे वापरावी. चार बोटें मोकळीं असावीं. बर्फ फडक्यांत गुंडाळून 10 ते 15 मिनिटें शेकावें. जोरानें चोळणें किंवा हात ओढणें टाळावें.

ठणका ओसरल्यावर व्यायाम सुरू करावा. प्रथम अंगठा सावकाश उघडावा व मिटावा. पुढें दुसऱ्या हाताचा हलका अडसर देऊन अंगठा न हलवितां बाहेर दाबावा व कांहीं क्षण धरावा. शेवटीं रबराच्या पट्ट्याविरुद्ध हळूहळू जोर वाढवावा. दुसऱ्या दिवशीं दुखणें वाढल्यास प्रमाण कमी करावें. हा क्रम फिजिओथेरपिस्टकडून एकदां शिकून घेणें उत्तम. इतक्यानें गुण न आल्यास डॉक्टर म्यानांत स्टिरॉइडचें इंजेक्शन देतात. मधुमेह असल्यास तें आधीं सांगावें. त्यानेंही न भागल्यास लहानशी शस्त्रक्रिया करून म्यान मोकळें करितात.

कामाची रीतही बदलावी. मनगट सरळ ठेवून वेचावें, हात आळीपाळीनें वापरावा, ओटी फार भरण्यापूर्वीं रिकामी करावी. मूल उचलतांना अंगठे ताणून काखेंत न धरतां दोन्ही हात खालून घालावे.

शेवटीं शेतकरी बंधूंस एक विनंति. मजुरी वजनावर असल्यामुळें वेचणारी बाई दुखणें लपविते. थांबली तर चूल थांबते. अशा बाईस कांहीं दिवस राखणीचें किंवा काट्यापाशीं नोंदीचें काम द्यावें, व मजुरी तोडूं नये. महिनोन् महिने दडविलेलें दुखणें तिच्या संसारास व आपल्या वेचणीस, दोहोंसही महाग पडतें.