मुद्दल मोडून घेतलेली जादू

काकांनी पेन्सिल खाली ठेवली, खोडरबर उचलला आणि कॅरेक्टर शीटवरच्या एका लहान चौकटीतला १७ हा आकडा खोडला. घाई केली नाही. रबराचा भुगा फुंकून उडवला, कागद अंगठ्यानं सपाट केला आणि त्या जागी १२ लिहिलं. टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो, कुणीच काही बोललं नाही. पुण्यातली रविवारची दुपार होती, आत चहा उकळत होता, आणि आमच्यातला सगळ्यांत सावध खेळाडू आपल्या पात्राचं पाच गुणांचं आत्मबळ कायमचं देऊन बसला होता.

त्या खाडाखोडीबरोबर त्यांचं पात्र शमन झालं.

मी गेली काही वर्षं ‘रुनक्वेस्ट’ चालवते. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं एवढ्यावर चालणारा हा रोलप्लेइंग खेळ अमेरिकेतल्या केऑसियम या कंपनीनं १९७८ मध्ये काढला. स्टीव्ह पेरिन आणि रे टर्नी यांच्यासह काही जणांनी त्याचे नियम बांधले. खेळ घडतो ते ग्लोरँथा हे जग मात्र ग्रेग स्टॅफर्ड यांचं. १९६६ मध्ये, कॉलेजात असताना, त्यांनी ते रचायला सुरुवात केली. तिथं लोक काशाची शस्त्रं वापरतात आणि लोखंड दुर्मीळ आहे. आम्ही खेळतो ती २०१८ ची आवृत्ती.

या खेळात शेतकऱ्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला थोडीफार जादू येते. पण शमनची, म्हणजे आत्म्यांशी व्यवहार करणाऱ्याची, जादू वेगळी, आणि ती का वेगळी हे मला काकांनी समजावलं. ते निवृत्त होईपर्यंत एका पतसंस्थेत हिशेब बघत होते. पहिल्या दिवशी मी त्यांना नियम सांगितला: प्रत्येक पात्राला ‘पॉवर’, म्हणजे आत्मबळ, हा गुण असतो. सुरुवातीला तीन फासे टाकून तो ठरतो. जितकी पॉवर, तितके मॅजिक पॉइंट. मंत्र वापरला की मॅजिक पॉइंट खर्च होतात आणि एका दिवसात भरून येतात. पॉवर मात्र दिली की गेली.

काका म्हणाले, “म्हणजे पॉवर हे मुद्दल आणि मॅजिक पॉइंट हे व्याज. व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही.”

त्या दिवसापासून आमच्या टेबलावर हेच शब्द चालतात. आणि काका वर्षभर तसेच खेळले, व्याजावर. तलवारीला धार चढवणारा मंत्र घेतला, जखम भरणारा घेतला. मुद्दल १७ वरून हललं नाही.

शमनला हे चालत नाही. त्याला आधी गुरूकडे उमेदवारी करावी लागते. मग स्वतःच्याच आत्म्याचा एक झोपलेला भाग जागा करावा लागतो, आणि त्या भागाला आपल्या पॉवरमधून वाटा द्यावा लागतो. नियमपुस्तकात त्याचं नाव ‘फेच’ आहे. शमनचा आत्मा शरीर सोडून आत्मलोकात जातो तेव्हा हा फेच मागं राहतो आणि शरीर सांभाळतो. किती पॉवर द्यायची हे शमननं ठरवायचं. कमी दिली तर राखण कमजोर.

फेच हा शब्द मराठी कानाला काहीच सांगत नाही. आमच्यात कुडाळची एक मुलगी खेळते. ती पटकन म्हणाली, “राखणदार म्हणा ना.” कोकणात गावाच्या, शेताच्या राखणदाराला वर्षाचा मान देतात, त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालतात. तो राखणदार गावाचा, हा एकट्या माणसाचा, हा फरक आम्ही विसरत नाही. पण मान द्यायचा आणि त्या बदल्यात राखण मागायची, हा व्यवहार तोच. शब्द बसला.

‘स्पिरिट’साठी शब्द शोधताना जास्त वेळ गेला. भूत म्हटलं की भीती येते, आत्मा म्हटलं की प्रवचन सुरू होतं. शेवटी ‘वारं’ घेतला, कारण अंगात वारं येणं आपल्याकडं सगळ्यांना कळतं. तो वापरतानाच एक गोष्ट उमगली. आपल्याकडच्या अंगात येण्यात दैवत वरून माणसात उतरतं. शमनचा प्रवास उलटा, तोच शरीर सोडून तिकडं जातो. शमन हा शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे जगभर गेला. त्या परंपरा आजही जिवंत आहेत, जशा आपल्याकडच्या भगतांच्या आहेत. म्हणून टेबलावर कुणी घुमण्याची नक्कल करून हसवत नाही, हा माझा नियम. दुसरा नियमही पहिल्याच दिवशी सांगते: खेळात आजाराला वारं असतं, टेबलाबाहेर आजाराला डॉक्टर असतो.

आता त्या रविवारनंतरचा खेळ. आमची पात्रं प्रॅक्स नावाच्या कोरड्या माळावर राहतात. तिथल्या टोळ्या गवे, लामा, हरणं यांच्या कळपांवर जगतात. त्यांच्या पुराणात वाहा या देवानं माणसं आणि जनावरं यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या: कुणी गवत खायचं आणि कुणी मांस. सगळीकडं माणसं जिंकली. फक्त मोरोकांथ नावाच्या जनावरांनी माणसांवर मात केली, म्हणून ती आजही माणसांचे कळप पाळतात. अशा जगात जगणं म्हणजे मुळातच एक करार असतो.

आमच्या टोळीतल्या एका मुलाचे हात थरथरू लागले. या आजारात पात्राची चपळाई दिवसेंदिवस उतरत जाते. ग्लोरँथात आजार मालिया या देवीकडून येतात, आणि तिनं दूर राहावं म्हणून लोक तिलाही नैवेद्य दाखवतात. हे वाचल्यावर टेबलावर दोघांच्या तोंडून एकदमच ‘मरीआई’ निघालं होतं. साम्य तेवढ्यापुरतंच. मरीआईला आपण आई म्हणून जवळ करतो, मालियानं मात्र दूरच राहावं असं तिथल्या लोकांना वाटतं.

शमनचा प्रवास चालवणं हे गेममास्टरचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, अवघड काम. एक खेळाडू तिकडं जातो आणि बाकीचे मोबाइल काढतात. सुरुवातीला माझे दोन रविवार असे वाया गेले. आता मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे, आत्मलोकात गेलेल्याकडं फक्त बुद्धी, पॉवर आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव एवढंच उरतं. म्हणून मी त्याच्या शीटवर जाड पुठ्ठा ठेवते. ताकद, चिलखत, तलवार सगळं झाकलं जातं. खेळाडूची नजर सवयीनं तिकडं जाते आणि पुठ्ठ्यावर अडते. आपण शरीराबाहेर आहोत हे वर्णनापेक्षा त्या पुठ्ठ्यानं लवकर कळतं. दुसरी गोष्ट, बाकीच्यांना मी वारं वाटून देते. एक जण आजाराचं वारं होतो, एक जण वाटेत भेटणारा जुना पूर्वज. कुडाळच्या मुलीला मी काकांचा राखणदार दिला, आणि काकांनी दिलेल्या पाच गुणांची एक लहान चिठ्ठी.

काकांचं पात्र ढोलाच्या ठेक्यावर नाचून आडवं झालं. मी पुठ्ठा ठेवला. आजाराचं वारं मुलाच्या खांद्यावर बसलेलं त्यांना दिसलं. आत्म्यांची झुंज नियमात अगदी साधी आहे. प्रत्येक फेरी बारा सेकंदांची. दोघंही एक ते शंभरचे फासे टाकतात, आपापल्या टक्केवारीच्या आत पडलं तर साधलं. जो जिंकतो तो दुसऱ्याचे मॅजिक पॉइंट उतरवतो. शून्यावर आलेला माणूस वाऱ्याच्या ताब्यात जातो. पहिल्या फेरीत काकांचे चार उतरले, दुसऱ्या फेरीत तीन. १२ मधले पाच उरले.

एरवी काकांनी इथं माघार घेतली असती. त्यांनी फासे हातात घेतले, पण टाकले नाहीत. आजाराचं वारं खेळणाऱ्या मुलाला विचारलं, “तू याच्याकडं का आलास?”

तो गडबडला. मग थोडा विचार करून म्हणाला, “मला बोलावून घेतलं, आणि नैवेद्य द्यायचा विसरले.”

मी मध्ये पडले नाही. पुढचा अर्धा तास काका गाऱ्हाणं घालत होते. देणं किती, केव्हाचं, कोण देणार. पतसंस्थेतल्या थकबाकीदाराशी बोलावं तसं ते त्या वाऱ्याशी बोलले, आवाज न चढवता, एकेक मुद्दा पुढं ठेवत. त्याच वेळी माळावर आडव्या पडलेल्या त्यांच्या शरीरापाशी एक भुकेलं वारं आलं. कुडाळची मुलगी ती झुंज एकटी खेळत होती, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जवळजवळ कुजबुजत. तिच्याकडचे पाच मॅजिक पॉइंट एकावर आले. त्या एकावर तिनं ०७ टाकला आणि वारं पळालं. काकांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं तेवढंच. गाऱ्हाणं पुरं झालं, मुलाचे हात थांबले.

या जादूचं मोठेपण मला इथं दिसतं. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जादूगार मंत्र पाठ करून ठेवायचा आणि म्हटला की तो पुसला जायचा. ती बंदुकीच्या गोळीसारखी जादू होती, आणि तिचीही मजा होती. शमनच्या जादूत मात्र समोर कुणीतरी असतं, त्याला काही हवं असतं आणि तुम्हाला काहीतरी द्यावं लागतं. हे जग नुसत्या वाचनातून आलेलं नव्हतं. स्टॅफर्ड स्वतः शमनची साधना करत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्काटा इथं, घरच्या स्वेदकुटीत (स्वेट लॉजमध्ये), त्यांचा मृत्यू झाला.

नियमांतली सर्वांत सुंदर जागा मात्र ऋतूच्या शेवटी येते. ग्लोरँथात आठ आठवड्यांचे पाच ऋतू असतात. आत्मबळ पणाला लावून जिंकलेल्या पात्राला ऋतू संपताना पॉवर वाढवायची संधी मिळते. माणसासाठी हिशेब असा: २१ मधून आपली पॉवर वजा करा, उरेल त्याला पाचानं गुणा. १७ असेल तर संधी २० टक्के. १२ असेल तर ४५. ज्यानं साठवून ठेवलं त्याचं वाढायचं थांबतं, ज्यानं दिलं त्याला परत मिळायची वाट मोकळी होते. काकांनी हे गणित मांडलं तेव्हा बराच वेळ ते त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले.

ऋतू संपला. ४५ किंवा कमी हवं होतं. फासे थांबले ते ५२ वर. मुद्दल भरलं नाही.

काकांनी पुन्हा रबर उचलला. मला वाटलं काहीतरी चुकीचं लिहिलं असेल. त्यांनी १२ खोडून ११ लिहिलं, आणि कुडाळच्या मुलीकडची चिठ्ठी मागून घेतली. तिच्यावर ५ चे ६ केले.

“काका, आत्ता कशाला?” तिनं विचारलं. “आधी भरू तर द्या.”

“एकावर आला होता तो,” काका म्हणाले आणि चिठ्ठी तिच्यापुढं सरकवली.