मोटारशर्यतींचे पहिले दशक

मोटारींच्या शर्यतींवर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. त्या खेळाच्या पहिल्या दशकातला सर्वांत थोर वीर हा मूळचा गॅरेजमधला मिस्त्रीच होता.

‘ग्रां प्री’ म्हणजे मोठे बक्षीस. त्या नावाची शर्यत फ्रान्सात १९०६ सालीच झाली होती. पण देशोदेशींच्या शर्यतींतले गुण एकत्र मोजून जगज्जेता ठरवण्याची पद्धत १९५० मध्ये आली. ‘फॉर्म्युला’ म्हणजे इंजिन केवढे असावे वगैरे नियमांची चौकट. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या युद्धकालीन विमानतळावर १३ मे १९५० रोजी, राजे सहावे जॉर्ज यांच्या समक्ष, पहिली शर्यत सुटली. आल्फा रोमिओ गाडीतून इटलीच्या फरीनाने ती जिंकली आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही.

१९५२ आणि १९५३ ही वर्षे फेरारीवाल्या आस्कारीची. त्याचा बाप १९२५ साली शर्यतीतच गेला होता. मुलगा मे १९५५ मध्ये मॉन्झाला गाडी चालवून पाहताना गेला. पुढच्याच महिन्यात ले मां येथे एक मर्सिडीज प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. ही शर्यत अजिंक्यपदाची नव्हे, पण ती त्यानंतरही चालूच ठेवली गेली! कारखान्यात अपघात झाला तर आम्ही आधी यंत्र बंद करायला लावतो.

आता आमचा मिस्त्री. हुआन मान्युएल फांजिओ, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावचा, जन्म १९११. इटलीहून आलेले कुटुंब, शाळा लवकर सुटलेली, शिक्षण सारे गॅरेजात. पहिले अजिंक्यपद १९५१ साली, म्हणजे चाळिशीत. मग १९५४ ते १९५७ सलग चार. पाच अजिंक्यपदांचा हा विक्रम २००३ पर्यंत कोणी मोडला नाही.

१९५६ ला मॉन्झात त्याची गाडी बिघडली. गाडी अदलाबदल करायला तेव्हा नियमाची आडकाठी नव्हती. चोवीस वर्षांच्या पीटर कॉलिन्सला स्वतःलाही अजिंक्यपदाची आशा होती. तरी त्याने आपली गाडी फांजिओला दिली. दोनच वर्षांनी कॉलिन्स शर्यतीत मरण पावला. एकजुटीच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत, ही त्यांत मोडते.

४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतील नुर्बुर्गरिंग. एकेक फेरी सुमारे २३ किलोमीटरची, डोंगरातून वळणावळणाची. फांजिओ टाकी अर्धीच भरून निघाला; हलक्या गाडीने आघाडी मिळवायची, मग थांबून इंधन नि चाके घ्यायची असा बेत. पण थांबल्यावर खोळंबा झाला. चाकाची चकती निसटून गाडीखाली घरंगळली, असे सांगतात. आघाडी गेलीच, वर जवळजवळ पाऊण मिनिटाची पिछाडी पडली. मिस्त्रींना तेव्हा काय वाटले असेल, ते ज्याच्या हातून काम बिघडले आहे त्यालाच कळावे. सेहेचाळीस वर्षांच्या त्या गृहस्थाने मग फेरीमागून फेरी विक्रम मोडले, शेवटून दुसऱ्या फेरीत कॉलिन्स व हॉथॉर्न या दोघांना मागे टाकले आणि साडेतीन सेकंदांनी शर्यत जिंकली. अजिंक्यपदाच्या शर्यतींतला त्याचा तो शेवटचा विजय.

१९५८ पासून गाडी बनवणाऱ्यांनाही निराळे अजिंक्यपद मिळू लागले. मिस्त्रींना नाही. १९५९ चा विजेता जॅक ब्रॅबम हाही मिस्त्रीच, ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात घडलेला. त्याच्या कूपर गाडीचे इंजिन पाठीमागे होते. पुढे साऱ्यांनी तीच रचना उचलली. अमेरिकेत सेब्रिंगला, शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, त्याचे इंधन संपले. तो खाली उतरला आणि गाडी ढकलत ढकलत रेषेपार घेऊन गेला. चौथा आला.