फायनल एक्स्पेन्स विमा : आधी प्रकृती विचारा, मग हप्ता सांगा

आजच्या भागात आपण अमेरिकेतल्या एका छोट्या विम्याबद्दल बोलणार आहोत. तिकडे त्याला फायनल एक्स्पेन्स म्हणतात. सरळ सांगायचं तर स्वतःच्या अंत्यसंस्काराचा खर्च मुलाबाळांवर पडू नये म्हणून उतारवयात काढलेला आयुर्विमा.

हा विषय इथे का घेतला? बंगळुरू, हैदराबाद, गुरगाव, पुणे इथे बसून अमेरिकन विमा कंपन्यांची कामं करणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. कोणी अर्ज तपासतं, कोणी कॉल घेतं, कोणी दाव्याची कागदपत्रं बघतं. 'लेव्हल', 'ग्रेडेड' हे शब्द रोज कानावर पडतात. पण एकाच माणसाला एका कंपनीत पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण मिळतं आणि दुसरीत दोन वर्षं थांबावं लागतं, ते का, हे नीट उलगडून कोणी सांगत नाही. ते आज आपण बघू, आणि बघताना तिथल्या एजंटच्या खुर्चीत बसून बघू.

गरज कुठून येते?

अमेरिकेतल्या फ्युनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या आकडेवारीप्रमाणे, अंत्यदर्शन आणि दफन अशा अंत्यविधीचा मध्यक खर्च ८,३०० डॉलर होता. दहन असेल तर ६,२८० डॉलर. दफनभूमीतली जागा आणि दगडी स्मारक यांचा खर्च यात धरलेला नाही. सरकारी सोशल सिक्युरिटीकडून मृत्यूनंतर एकरकमी मिळतात फक्त २५५ डॉलर, तेही पात्र जोडीदाराला किंवा मुलाला. आता ज्यांचं घर या पेन्शनवरच चालतं, त्यांच्या मागे उरलेल्यांनी बाकीचे पैसे कुठून आणायचे? या विम्याची गरज इथे आहे.

विमा असतो साधारण ५,००० ते २५,००० डॉलरचा. बहुतेक कंपन्या ५० ते ८० किंवा ८५ वर्षांपर्यंतच्या माणसांना तो देतात. प्रकार 'होल लाइफ', म्हणजे आयुष्यभराचा : हप्ता वाढत नाही, आणि हप्ते भरत राहिलं तर विमा संपत नाही. तुलनेची पहिली पायरी हीच. काही स्वस्त योजना मुळात मुदत विमा असतात. त्यांचा हप्ता दर पाच वर्षांनी चढतो आणि ८० व्या वर्षी विमा संपतो. अशा योजनेचा हप्ता आयुष्यभराच्या विम्याच्या हप्त्याशेजारी ठेवून 'हा स्वस्त' म्हणणं चुकीचं आहे.

चार दारं

या विम्याला रक्त-लघवी तपासणी नसते. अर्जावर प्रकृतीचे प्रश्न असतात, हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. त्या उत्तरांवरून माणूस चारपैकी एका दारातून आत जातो.

पहिलं दार लेव्हल. पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम लागू, आणि हप्ता सगळ्यात कमी.

दुसरं ग्रेडेड. पहिल्या वर्षी मृत्यू झाला तर रकमेचा काही भाग, उदाहरणार्थ ३० किंवा ४० टक्के. दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण.

तिसरं मॉडिफाइड. पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मृत्यू झाला तर भरलेले हप्ते आणि वर थोडं व्याज, बहुधा १० टक्के, एवढंच परत मिळतं.

चौथं गॅरंटीड इश्यू. इथे प्रकृतीचा एकही प्रश्न नाही, सगळ्यांना प्रवेश. पण दोन वर्षांचा थांबा असतो आणि हप्ता महाग. अपघाती मृत्यूला मात्र थांब्याच्या काळातही बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम मिळते.

एजंटचं काम एकच. माणसाला खरेपणाने जेवढ्या चांगल्या दारातून नेता येईल, तेवढं न्यायचं. चौथं दार सगळ्यात शेवटी ठोठवायचं, कारण तिथे विकायला सोपं असतं, घेणाऱ्याला नाही.

प्रत्येक कंपनीचं घड्याळ वेगळं

डायलिसिस, सतत लागणारा ऑक्सिजन, स्मृतिभ्रंश, नर्सिंग होममध्ये वास्तव्य, असाध्य आजाराचं निदान यांवर बहुतेक कंपन्या पहिल्याच पानावर नकार देतात. फरक पडतो मधल्या आजारांत. हृदयविकाराचा झटका, स्टेंट, पक्षाघात, कर्करोग यांबद्दल एखादी कंपनी मागचे १२ महिने विचारते, दुसरी २४ महिने, तर तिसरी 'कधी झाला होता का' असंच विचारते. मधुमेहात एक कंपनी इन्सुलिन किती वर्षांपासून हे बघते, दुसरी नसांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झालाय का हे बघते. तंबाखूचा दर वेगळा असतो आणि उंची-वजनाचा तक्ताही प्रत्येकीचा स्वतःचा.

उत्तरं पडताळली जातात. कंपनी अर्जदाराच्या संमतीने त्याच्या औषधांच्या खरेदीचा इतिहास काढते. शिवाय एमआयबी नावाची विमा कंपन्यांची सामाईक संस्था आहे, १९०२ पासूनची. आधीच्या विमा अर्जांतल्या महत्त्वाच्या नोंदी तिथे संकेतरूपात असतात.

इथे अनुभवी एजंट एक प्रश्न जास्त विचारतो : 'ही गोळी डॉक्टरांनी कशासाठी दिली?' फ्युरोसेमाइड पायाच्या सुजेसाठी दिली जाते आणि हृदय कमजोर झाल्यावरही. कार्वेडिलोल रक्तदाबासाठी असते, तशीच हृदयासाठीही. गॅबापेंटिन पाठीतल्या नसेच्या दुखण्यावर देतात आणि मधुमेहाने बिघडलेल्या नसांवरही. यंत्राला फक्त गोळीचं नाव दिसतं. अर्ज कुठे पाठवायचा हे कारणावर ठरतं, म्हणून औषधांची यादी आधी आणि दरपत्रक नंतर.

हप्ता कसा बनतो?

दर हजार डॉलरमागे वार्षिक दर असतो. तो विमा रकमेच्या हजारांनी गुणायचा, त्यात वार्षिक पॉलिसी शुल्क मिळवायचं, आणि मासिक हप्त्यासाठी कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणायचं. आकडे कल्पित घेऊ.

पहिली कंपनी : दर ६८, शुल्क ४०, गुणक ०.०८८. दुसरी कंपनी : दर ६४, शुल्क ६०, गुणक ०.०९.

१०,००० डॉलरच्या विम्याला पहिलीचा महिन्याचा हप्ता येतो ६३.३६ डॉलर, दुसरीचा ६३. म्हणजे दुसरी स्वस्त. आता रक्कम ५,००० करा. पहिली ३३.४४, दुसरी ३४.२०. आता पहिली स्वस्त! रक्कम लहान झाली की शुल्क जड होतं. म्हणून 'अमुक कंपनी स्वस्त' हे वाक्यच अर्धवट आहे. कुठल्या वयाला, किती रकमेला, हे त्याला जोडावं लागतं. वयातही मेख आहे : काही कंपन्या पूर्ण झालेलं वय धरतात, काही जवळच्या वाढदिवसाचं. साडेसत्तर ओलांडलेला माणूस एकीकडे ७० चा, दुसरीकडे ७१ चा.

टीव्हीवर 'महिना ९.९५ डॉलर' अशी जाहिरात कोलोनियल पेन कंपनी वर्षानुवर्षं करत आली आहे. तो एका युनिटचा दर आहे. एका युनिटमध्ये किती डॉलरचा विमा येतो हे वयावर ठरतं. वय वाढलं की युनिट लहान होतं. तुलना करायची तर युनिट मोजू नका, विमा रक्कम मोजा.

आता दोन्ही एकत्र

समजा, ७० वर्षांच्या एक बाई आहेत. १८ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला, आता तब्येत ठीक आहे. पहिली कंपनी १२ महिने विचारते, म्हणून बाई लेव्हलमध्ये बसतात : १०,००० चा विमा, हप्ता ६३.३६. दुसरी २४ महिने विचारते, म्हणून तिथे मॉडिफाइड आणि हप्ता, समजा, ८५. दरपत्रकावर ३६ सेंटने स्वस्त दिसलेली कंपनी या बाईंसाठी प्रत्यक्षात महाग निघाली.

१४ हप्ते भरल्यावर त्या वारल्या, तर पहिली कंपनी १०,००० डॉलर देईल. दुसरी १४ हप्त्यांचे १,१९० आणि त्यावर १० टक्के, म्हणजे १,३०९ डॉलर. मुलगी फ्युनरल होमच्या टेबलाशी बसलेली असताना हा फरक तिच्या पदरात पडतो.

मग काही एजंट 'स्टेंटचं लिहूच नका' असा सल्ला देतात. तो घातक आहे. तिथे पहिली दोन वर्षं कंपनी अर्जातली माहिती पुन्हा तपासू शकते. दडवलेली गोष्ट सापडली तर दावा नाकारून हप्ते परत करते. आपल्याकडे विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ही मुदत तीन वर्षांची आहे. तत्त्व दोन्हीकडे सारखंच : खोटं 'नाही' एजंट लिहितो आणि त्याची किंमत वारस मोजतात.

विकल्यानंतरही तुलना संपत नाही

जुना विमा मोडून नवा घ्यायचा असेल तर दोन वर्षांचं तपासणीचं घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू होतं. म्हणून नवा मंजूर होईपर्यंत जुना थांबवू नये, आणि जुना तीन-चार वर्षांचा असेल तर बहुधा मोडूच नये.

दुसरं, हप्त्याची तारीख. सोशल सिक्युरिटीचे पैसे बहुतेकांना जन्मतारखेप्रमाणे येतात : १ ते १० मधल्यांना महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, ११ ते २० ला तिसऱ्या, त्यापुढच्यांना चौथ्या. हप्ता त्याआधी बँकेतून ओढला गेला तर खात्यात पैसे नसतात आणि चांगला विमा बंद पडतो. ज्या कंपनीत हप्ता पेन्शनच्या दिवसाशी जुळवता येतो, तिथे दोन डॉलर जास्त गेले तरी चालेल.

एवढी तुलना करता येते कारण तिथला स्वतंत्र एजंट अनेक कंपन्यांशी जोडलेला असतो. आपल्याकडे वैयक्तिक एजंट एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचा असतो. अनेक कंपन्या दाखवणं हे ब्रोकरचं काम.

शेवटी, इथे बसून ही कामं करणाऱ्यांसाठी. विमा सुचवायला आणि विकायला ग्राहकाच्या राज्याचा परवाना लागतो. तो नसेल तर सल्ला देऊ नका. पलीकडची आजी 'हार्टची गोळी' म्हणाली तर 'हार्टची गोळी' असंच टिपा आणि कशासाठी घेता हे विचारा. तिला 'रक्तदाबासाठीच ना?' असं उत्तर सुचवू नका. तुमच्या त्या एका ओळीवर तिचं दार ठरणार आहे.

पुढच्या भागात दावा कसा मंजूर होतो ते पाहू. भेटू.