चाळीस टक्क्यांचं कोडं

१९६७च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४१ टक्के मतं मिळाली आणि २८३ जागा. १९८९मध्ये मतं १९६७च्या तुलनेत दीड टक्काही कमी नव्हती. जागा मात्र १९७वर आल्या आणि सत्ता गेली. २०१४मध्ये भाजपने ३१ टक्के मतांवर २८२ जागा जिंकल्या. चाळीसवाला हरतो, एकतीसवाला जिंकतो, हे गणित आहे तरी कसलं?

मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तो आपल्याकडे निवडून येतो; निम्म्याहून अधिक लागत नाहीत. नेहरूंच्या काळातही काँग्रेसला देशातली निम्मी मतं कधी मिळाली नाहीत. १९८४च्या लाटेत जागा चारशेपार गेल्या, तरी मतं ४९ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे एकाच पक्षाचा दबदबा होता तेव्हाही बहुसंख्य मतदार त्याच्या विरोधात होते! फक्त ते जनसंघ, समाजवादी, कम्युनिस्ट असे विखुरलेले होते. राममनोहर लोहियांनी हेच हेरलं आणि मतविभागणी टाळा म्हणून बिगरकाँग्रेसवादाचा धोशा लावला. १९८९मध्ये जनता दल आणि भाजपने अनेक ठिकाणी एकास एक लढती दिल्या, तेव्हा त्या हिशेबाची ताकद साऱ्या देशाला दिसली.

दुसरी गंमत पक्षाच्या पोटातली. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६४मध्येच दाखवलं होतं की, काँग्रेस म्हणजे अनेक गटांची, हितसंबंधांची मोट आहे. खरी रस्सीखेच पक्षाच्या आतच चालते. १९६७मध्ये चरणसिंग बाहेर पडले आणि उत्तर प्रदेशात विरोधकांच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. असे गट सुटत गेले, तशी बंद दाराआडची देवाणघेवाण चव्हाट्यावर आली. किमान समान कार्यक्रम, बाहेरून पाठिंबा, खात्यांसाठी रुसवेफुगवे हे रोजच्या बातम्यांतले शब्द झाले. १९९६मध्ये अवघ्या ४६ खासदारांच्या जनता दलाचे देवेगौडा पंतप्रधान झाले. १९९९मध्ये अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं!

आणि हे गणित अजून जुनं झालेलं नाही. २०२४मध्ये भाजपची मतं एक टक्काही घटली नाहीत, पण जागा ३०३वरून २४०वर आल्या आणि तेलुगू देसम, संयुक्त जनता दलाचा भाव वधारला. म्हणून निकालाच्या दिवशी जिंकणाऱ्याची मतं मोजून भागत नाही. हरणारे किती ठिकाणी एकमेकांविरुद्ध उभे होते, तेही मोजावं लागतं.